आमची वाटचाल : आम्ही ह्युरॉन सोडलं नाही

मिशिगन राज्यात, ह्युरॉन सरोवराकाठच्या ओस्कोडाच्या धक्क्यावर, ग्राहकांना मासेमारीला नेणारी आमची बोट मोसमात सहसा रिकामी नसते. मे महिन्याच्या सकाळी तर आधी फोन केल्याशिवाय मिळत नाहीत. हे सगळं आपोआप झालं असं समजणारे बरेच भेटतात, म्हणून 2004 सालापासून सांगतो. त्याआधीची वर्षं चांगली गेली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

मी डेट्रॉइटला गाड्यांच्या साच्यांचं काम करायचो. माझ्याच शॉपमधले एक वयस्कर मशिनिस्ट मला पहिल्यांदा ह्युरॉनवर घेऊन गेले. पुढे बोटीत निम्मे पैसे त्यांचे, निम्मे माझे. त्यांना मी शेवटपर्यंत 'कॅप' म्हटलं. कोस्ट गार्डचा सहा प्रवाशांचा परवाना दोघांनीही काढला. हिशेब, बुकिंग आणि ग्राहकांशी बोलणं माझ्या बायकोकडे, ते आजही तिच्याकडेच आहे. माझ्यापेक्षा तिला ग्राहक जास्त ओळखतात आणि त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा चिनूक, म्हणजे मोठा सॅल्मन, म्हटलं की ओस्कोडा, हॅरिसव्हिल, रॉकपोर्ट. ऑगस्टमध्ये उजाडायच्या आत ऑ सेबल नदीच्या मुखातून बोटींच्या दिव्यांची रांग बाहेर पडायची. हे वैभव उभं होतं चिनूकच्या खाण्यावर, एलवाइफ नावाच्या लहान माशावर. समुद्रातला हा मासा कालव्यांतून सरोवरांत शिरला. लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या माशाने इथला लेक ट्राउट संपवल्यामुळे त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. 1966 मध्ये हॉवर्ड टॅनर यांनी मिशिगन राज्यातर्फे पॅसिफिकच्या कोहो सॅल्मनचं बीज सोडायला लावलं, पुढच्या वर्षी चिनूकचं, आणि त्यातून आमचा सगळा धंदा जन्माला आला. कॅपनी ते सुरुवातीचे दिवस डोळ्यांनी पाहिले होते. ते म्हणायचे, एका माशावर उभी असलेली पेढी एका माशाबरोबर बसते.

2003 मध्येच चिनूक बिघडलेला दिसत होता. डोकं भलंमोठं आणि मागे अंग चपटं, जणू दुसऱ्याच माशाचं जोडलेलं. पोट फाडलं की आत काही नाही. 2004 ला बोटीवरच्या मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावरचे एलवाइफचे ढगच गेले. कारणं नंतर कळली. सरोवरातले साधारण 80 टक्के चिनूक कॅनडाच्या बाजूच्या नद्यांत आपोआप जन्मलेले निघाले, म्हणजे बीज मोजून सोडलं तरी खाणारी तोंडं मोजलीच गेली नव्हती. वरून क्वागा शिंपले पाण्यातलं प्लवंग गाळून खात होते. एलवाइफ वरूनही खाल्ला गेला आणि खालूनही उपाशी राहिला. गावातल्या मोटेलांना, आमिषाच्या दुकानांना एकामागून एक कुलपं लागली.

त्याच हिवाळ्यात आमच्याच धक्क्यावरच्या एका कॅप्टनने बोट ट्रेलरवर चढवली आणि लडिंग्टनला, मिशिगन सरोवरावर नेली. गेला तर गेला, ज्याचं त्याचं पोट. पण तो आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी बदली कॅप्टन म्हणून येत असे, आणि आमच्या ग्राहकांची वही त्याने पाहिली होती. बोटींच्या प्रदर्शनात तो आमच्याच माणसांना गाठून सांगायचा, "ह्युरॉन मेलं. तिकडे आता पैसे फेकू नका." लोक आम्हाला फोन करून आगाऊ रक्कम परत मागू लागले. माझ्या बायकोने प्रत्येकाची रक्कम परत केली, एकाशीही वाद घातला नाही. इतकी वर्षं झाली, मी हे विसरलेलो नाही. धंदा नेणं मी समजू शकतो. जाताना सरोवराची बदनामी करून जाणं मला समजत नाही. त्या सरोवराने त्याला घर बांधून दिलं होतं.

बँकेचंही सांगतो. बोटीच्या इंजिनासाठी घेतलेलं कर्ज होतं, एक हप्ता चुकलेला नव्हता. तरी अधिकाऱ्याने बोलावून घेतलं, आमच्या बंदराची बातमी छापलेलं वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, तारण म्हणून धरलेल्या या बोटीला आता गिऱ्हाईक कोण? कॅप माझ्याबरोबर होते. त्यांनी खिशातून आपली निवृत्तीची कागदं काढून त्याच टेबलावर ठेवली. तो कागद त्या दिवशी मधे पडला नसता तर हे लिहायला मी नसतो. आपला वाटा ते तेव्हा काढून घेऊ शकत होते. त्यांनी उलट वाढवला.

आम्हाला वाचवलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही आधीपासून आमच्या घरात होत्या. पहिली, कॅपची नोंदवही. तारीख, वारा, पाण्याचं तापमान, किती फुटांवर, कुठला स्पून (चमच्याच्या आकाराचं आमिष), कुठला रंग, सगळं पेन्सिलीने, कारण शाई ओल्या हाताने पसरते. दुसरी, फ्लिंटचे आमचे एक ग्राहक, निवृत्त बसचालक. ते जूनमध्ये मेहुण्याला घेऊन यायचे आणि सगळे चिनूक-चिनूक करत असताना हे लेक ट्राउट मागायचे. बाकीचे त्या माशाला तेलकट म्हणून नाकं मुरडत. हे तो मेपलच्या लाकडावर धुरात लावायचे आणि पुढच्या वर्षी आमच्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही वर्षानुवर्षं खोल कपारींवर एक-दोन तास काढत होतो, आणि कॅप ते सगळं लिहून ठेवत होते. चिनूक गेल्यावर वही उघडली तर ट्राउटच्या जागा, खोली, वारा, सगळं तयार. 2005 च्या वसंतात या गृहस्थांनी पुढच्या दोन मोसमांचे पैसे आगाऊ पाठवले. पाकिटात चिठ्ठी होती: "ट्राउट कुठे जात नाही."

आणि खरंच गेला नाही. एलवाइफमध्ये असं एक द्रव्य असतं की तो खाणाऱ्या ट्राउटच्या अंगातलं बी-1 जीवनसत्त्व मोडतं आणि त्या मादीची पिल्लं जगत नाहीत. एलवाइफ गेला आणि ह्युरॉनमध्ये लेक ट्राउटची रानटी पिल्लं वाढू लागली. मोठा ट्राउट तळाचे गोबी नावाचे छोटे मासे खायला शिकला. ह्युरॉनच्या सॅगिनॉ बे या उपसागरात वॉलाय मासा इतका फोफावला की 2009 पर्यंत राज्याने ठरवलेलं उद्दिष्ट पूर्ण झालं, आणि उन्हाळ्यात तो वर आमच्यापर्यंत येतो. मेलेल्या सरोवरात हे होत नाही.

आता अवजारांबद्दल, कारण इथे लोक चुकतात. चिनूकच्या वेगाने ट्राउट मिळत नाही. चिनूकला ताशी अडीच मैल किंवा थोडं वर चालतं, ट्राउटला दोनच्या आसपास, कधी त्याहून कमी. आणि वेग बोटीचा नाही, आमिष खाली नेणाऱ्या वजनाच्या गोळ्यापाशी मोजलेला. खालचा प्रवाह उलटा असला की वरचा आकडा खोटा असतो, म्हणून खालचा वेग मोजणारा फिश हॉक बिघडला तर मी धक्का सोडत नाही. हा गोळा खाली-वर करणारे आमचे दोन डाउनरिगर अजून हाताने फिरवायचे आहेत, जुने, बिग जॉन कंपनीचे. त्यांच्या बुश कॅपनी आपल्या लेथवर काढून दिल्या आहेत. विजेचे वेगाने वर येतात हे मान्य, पण 12 पौंडी गोळा तळाला टेकला की हातातल्या दांड्यात जो ठोका येतो तो मोटर सांगत नाही. वाळू असेल तर मऊ, दगड असेल तर टणक. गोळा तळाला हलकेच टेकवत, उचलत न्यायचा. गाळाचा धूर उडतो आणि ट्राउट बघायला येतो. गोळ्यामागे थोड्याच अंतरावर डॉजर, म्हणजे डोलणारी चकचकीत पट्टी, त्याच्यामागे स्पिन-एन-ग्लो हे गरगर फिरणारं आमिष. हिरवा, आणि ढगाळ असेल तर चमकणारा. मासा लागला की घाई करू नका. ट्राउट वर येताना पोटातली हवा सोडतो. बोटीमागे आधी बुडबुडे फुटतात, मग खाली पिवळसर राखाडी पाठ दिसते. ते बुडबुडे दिसले की मी ग्राहकाला सांगतो, जाळं तयार आहे, आता रॉड खाली करू नका.

क्वागामुळे पाणी इतकं नितळ झालं आहे की जुन्या सवयी सोडाव्या लागल्या. वरच्या थरात आमिष पूर्वीपेक्षा लांब मागे सोडावं लागतं, पुढचा दोरा पाण्यात सहज न दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनचा आणि बारीक. ऊन वर यायच्या आत दोन तास मिळाले तर ते दुपारच्या पाच तासांपेक्षा भारी. आणि मुलांनो, वारा बघायला शिका. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सरोवरात ढकललं जातं आणि गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. तेव्हा इंधन जाळून लांब जाण्यात अर्थ नाही. ईशान्येचा वारा असेल तर बोट सोडूच नका, पैसे परत द्या. ग्राहक दिवस गेला म्हणून रागावतो, पण भिजून, घाबरून, उलट्या करून परतलेला पुन्हा कधी येत नाही.

अटलांटिक सॅल्मनचा विषय आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. सू सेंट मरीला लेक सुपीरियर स्टेट युनिव्हर्सिटी 1987 पासून त्याचं बीज सोडते आहे, आणि आता राज्य आमच्या ऑ सेबलमध्येही सोडतं. बर्फ गेल्यावर वरच्या थरात, लहान स्पूनवर, स्मेल्ट या छोट्या माशांच्या मागे. चिनूक खाली ओढतो, हा हवेत उडतो. पहिल्यांदा आमच्या बोटीवर अटलांटिक आला तेव्हा कॅप सुकाणू सोडून मागे आले, मासा दोन्ही हातांत धरला आणि वहीत त्याच्यासाठी नवीन पान काढलं.

ती वही आता माझा मुलगा लिहितो. त्याला मी फोनवर नोंद करू देतो, पण पेन्सिलीचीही करायलाच लावतो.

लडिंग्टनच्या त्या गृहस्थांबद्दल एवढंच. 2013 मध्ये मिशिगन सरोवरातही चिनूकचं बीज जवळपास निम्म्यावर आणावं लागलं, कारण तेच: एलवाइफ कमी, तोंडं जास्त. तिकडचे कॅप्टन मग आम्हाला ट्राउटबद्दल विचारायला लागले. जो विचारतो त्याला मी सांगतो, काही लपवत नाही. त्याने अजून विचारलेलं नाही.

पुढच्या मोसमाचं बुकिंग सुरू आहे. अटलांटिक हवा असेल तर मे, ट्राउट हवा असेल तर जून ते ऑगस्ट. फक्त चिनूकच हवा असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे माझी बायको तुम्हाला कुठल्या आठवड्यात यायचं ते खरं खरं सांगेल. गरम कपडे जुलैमध्येही आणा.