टीडीएस मीटरला न दिसणारं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मध्यंतरी प्युरिफायर विकणारा एक पोरगा आला होता. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबलं, आणि नळाचं पाणी बघता बघता तपकिरी. जमलेली मंडळी हबकली. मी घरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात टाकलं. तेही तपकिरी! तो रंग घाणीचा नसतोच, लोखंडी सळई झिजते त्याचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, एवढंच.

‘काका, तुम्ही केमिस्ट काय?’ पोरगा हसत म्हणाला.

हो. नव्वदच्या दशकात नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत, रबाळ्याला, क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. क्रोमिक अॅसिडच्या टाकीतून उठणारे तुषार नाकाचा पडदा खातात, म्हणून टाकीवर फेसाचा थर धरणारं एक द्रव्य घालायचे. कामगारांच्या भल्याचीच गोष्ट. जगभर या कामाला पीएफओएस वापरलं जायचं. आमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटात, क्रोमियम चुन्याने खाली बसवायचो, पीएच आणि सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) मोजायचो. फेसाचं द्रव्य मोजा, असं कुणी कधी म्हटलं नाही.

पीएफओएस आणि पीएफओए ही ‘पीएफएएस’ नावाच्या मोठ्या खानदानातली दोन थोरली भावंडं. नॉनस्टिक तव्यांचा लेप, आग विझवायचा फेस, पाणी न धरणारं कापड, सगळीकडे हे खानदान. यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट की जंतू त्याला पचवू शकत नाहीत. पाणी उकळा, क्लोरीन घाला, तुरटी फिरवा, तो ढिम्म. चिवट विषारी रसायनांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ला आलं, पीएफओए २०१९ला. २०२३मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यात या दोघांना मर्यादा घातली: प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम. पाण्यातले क्षार मोजायच्या टीडीएस मीटरवरचा एक आकडा म्हणजे साधारण लिटरला १ मिलिग्रॅम. ४ नॅनोग्रॅम हा त्याचा अडीच लाखावा भाग. मीटरला काय कपाळ दिसणार?

गंमत अशी की प्युरिफायरमधला आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणारा भाग, हे द्रव्य खरंच बऱ्यापैकी अडवतो. त्यातला कार्बनचा फिल्टरही अडवतो, ताजा असेपर्यंत. म्हणजे त्या पोराकडे सांगण्यासारखं खरं काही होतं, आणि तो लोखंडाचा गंज दाखवत बसला! अर्थात अडवलेलं नष्ट होत नाही. आरओ टाकून देतो त्या पाण्याच्या नळीतून मोरीत, तिथून खाडीत.

आमचं पाणी मोरबे धरणाचं, मुळात कमी क्षारांचं. त्याला आरओ लावू नका, असं मी सोसायटीत सांगितलं. ठाण्यातल्या बहिणीला मात्र मशीन काढ म्हणणार नाही, फक्त कार्बन वेळेवर बदल म्हटलं. ठाण्याला उल्हास नदीचंही पाणी येतं, आणि अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांमधून वाट काढत येणारी वालधुनी नदी त्याच उल्हासला मिळते.

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५००मध्ये, कीटकनाशकांची लांबलचक यादी आहे, हे खानदान नाही. तपासणी महाग, एलसी-एमएस-एमएस नावाच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच होते, घरोघरी परवडायची नाही. पण पालिकेने नदीतून पाणी उचलतात तिथला नमुना वर्षातून दोनदा पाठवायला काय हरकत आहे? त्यातला एक मेमध्ये घ्यावा, नदी आटलेली असताना. जुलैच्या पुरात काहीही पातळच दिसतं.