प्रेसच्या पीसीची मरायला टेकलेली हार्डडिस्क एसएसडीवर क्लोन केली, त्याचा माझा अनुभव

काकांची कराडला छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असली कामं. डिझाइनचा पीसी म्हणजे एच६१ चिपसेटचा जुना बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क, मूळचं विंडोज ७, नंतर कधीतरी १० ला अपग्रेड केलेलं. हल्ली तो चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ऑपरेटर दादा बटण दाबून चहा पिऊन यायचे, आणि मधेच सगळं फ्रीज, आतून कट कट आवाज.

सगळे म्हणत होते फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक. पण त्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या पत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, फॉन्ट नसला की "चि. सौ. कां." च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (पीसीला लावायची लायसन्सची चावी) चालणारं, त्याचा जुना ड्रायव्हर, जुनं कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, सेटअपच्या सीड्या कुठे गेल्या कुणाला माहीत नाही. काका म्हणाले, "अरे बाबा, आहे तसंच मला नवीन डिस्कवर दे, एक फॉन्टसुद्धा इकडचा तिकडे नको." म्हणजे क्लोनच, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीन डिस्कवर. ५०० जीबीची साटा एसएसडी आणली (एसएसडी म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवाली डिस्क, साटा हा जोडणीचा प्रकार). एच६१ वर एनव्हीएमईचा, म्हणजे त्याहून वेगवान नव्या जोडणीच्या एसएसडीचा, प्रश्नच येत नाही, आणि पोर्ट साटा टू चे, म्हणजे ३ गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण स्पीड मिळणार नाही हे आधीच ठरलेलं, पण छोट्या छोट्या फाइली शोधण्यात जो वेळ जातो तो तरीही वाचतोच आणि खरा त्रास तोच होता.

पहिला प्रयत्न विंडोजमधल्या एका क्लोनिंग सॉफ्टवेअरने केला, ते काही टक्के जाऊन रीड एरर देऊन थांबलं. मग स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितलं तर सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर शून्य नव्हता. हा आकडा शून्यावर नसेल तर डिस्कवर असे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, आहेत जे तिला स्वतःला वाचता येत नाहीयेत. इथे बहुतेक जण चेकडिस्क स्लॅश आर (डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची कमांड) मारायला सांगतात आणि माझं यावर ठाम मत आहे की मरायला टेकलेल्या डिस्कवर ते अजिबात मारू नये, कारण ते सगळी डिस्क परत परत घासतं आणि वर फाइल सिस्टिममध्ये लिहितंही. आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती कॉपीवर करायची.

म्हणून मित्राकडून १ टीबीची चांगली हार्डडिस्क उसनी आणली आणि लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह लावून तिच्यावर कॉपी काढायला डीडीरेस्क्यू चालवलं. हे सॉफ्टवेअर मला फार आवडतं, कारण ते अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही, आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडलेल्या जागांची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं आणि शेवटी फक्त तेवढ्यांवर परत प्रयत्न करतं, मधे लाइट गेली तरी मॅपफाइलमुळे तिथूनच पुढे चालू. रात्रभर चाललं. शेवटी अगदी थोडे किलोबाइट राहिले जे कशानेच वाचले गेले नाहीत.

आता ते किलोबाइट कुठल्या फाइलीतले हे कसं कळणार? डीडीरेस्क्यूमध्येच फिल मोड आहे, त्याने न वाचलेल्या जागी आपल्याला हवा तो शब्द भरून ठेवता येतो, मी "बॅडसेक्टर" अशा अर्थाचा शब्द इंग्रजीत भरला आणि नंतर कॉपी रीड-ओन्ली माउंट करून (नुसती वाचण्यापुरती उघडून) सगळ्या फाइलींमध्ये ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द शोधला. दोन-चार जुन्या कोरल फाइली आणि विंडोजच्या काही फाइली निघाल्या. कोरलच्या फाइली काकांना दाखवल्या, त्यातली एक गिऱ्हाइकाची होती, तिची छापील प्रत कपाटात सापडली म्हणून निभावलं. मग कॉपीवर चेकडिस्क आणि विंडोजच्या फाइलींसाठी डिझम रिस्टोअरहेल्थ आणि त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ या विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड. मूळ डिस्क तेव्हाच काढून बाजूला ठेवली, तिला परत वीज दिली नाही.

पुढचा अडथळा साइजचा. १ टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी, एसएसडी ४६५. सी ड्राइव्ह २५० चा आणि उरलेला डी, त्यात डेटा १६० च्या आसपास. विंडोजचं श्रिंक व्हॉल्यूम डी ला थोडंच लहान करू देत होतं, हलवता न येणाऱ्या फाइली आड येतात. जीपार्टेड हे लिनक्सवरचं पार्टिशनचं सॉफ्टवेअर त्यांनाही हलवतं, पण ते आधी नकार देत होतं कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंदच होत नाही, अर्धं झोपलेलं असतं आणि एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल सिस्टिमवर) तशी खूण राहते. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ या कमांडने ते बंद केलं, नीट शटडाउन केलं, मग डी २०० जीबीवर आला. यात मी एक गोष्ट मुद्दाम पाळली, डी फक्त शेवटाकडून कापला, त्याची सुरुवात हलवली नाही. एमबीआर (पार्टिशनांच्या नोंदीची जुनी पद्धत) डिस्कवर विंडोज ड्राइव्हचं अक्षर लक्षात ठेवतं ते डिस्कची सिग्नेचर म्हणजे ओळख-नंबर आणि पार्टिशन कुठून सुरू होतं यावरून, सुरुवात हलली असती तर डी चा ई व्हायचा धोका होता आणि पत्रिकांमध्ये लिंक केलेले सगळे गणपतीचे फोटो गायब.

मग क्लोनझिला, डिस्क क्लोन करायचं सॉफ्टवेअर. ते मोठ्या डिस्कवरून छोट्यावर जायला नाही म्हणतं, एक्सपर्ट मोडमध्ये आयसीडीएस हा पर्याय निवडला की साइज तपासणं सोडून देतं. पार्टिशनं ४६५ च्या आत बसत असतील आणि डिस्क एमबीआर असेल तर चालतं, जीपीटी म्हणजे नवी पद्धत असेल तर तिच्या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते म्हणून तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते. क्लोन विनाएरर झाला.

आणि इथे खरी गंमत झाली. फाइली आल्यात का बघायला ऑपरेटर दादांनी उसनी डिस्क आणि एसएसडी दोन्ही जोडून पीसी चालू केला, डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडी ऑफलाइन दिसली, सिग्नेचर कोलिजन (दोन्हींची सिग्नेचर एकच) असा मेसेज, त्यांनी राइट क्लिक करून ऑनलाइन केलं. बिचाऱ्यांचा काही दोष नाही, विंडोज स्वतःच तो पर्याय देतं. पण ऑनलाइन करताना विंडोज त्या डिस्कला नवी सिग्नेचर देतं, आणि बूटची यादी म्हणजे बीसीडी अजून जुनीच सिग्नेचर शोधत असतं. एकटी एसएसडी लावली तर निळी स्क्रीन, ०एक्ससी००००००ई.

यावर जिकडे तिकडे बूटरेक फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी या बूट दुरुस्तीच्या कमांड, एवढंच लिहिलेलं असतं. त्याने कदाचित बूट झालंही असतं, पण ड्राइव्हच्या अक्षरांची नोंदही त्याच सिग्नेचरवर आहे, ती तशीच चुकीची राहिली असती. मी उलटं केलं. उसनी डिस्क एकटी दुसऱ्या पीसीला लावून डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क टूलमध्ये युनिकआयडी डिस्क या कमांडने तिची आठ अक्षरी सिग्नेचर लिहून घेतली. मग प्रेसच्या पीसीला फक्त एसएसडी, विंडोजचा पेनड्राइव्ह, शिफ्ट एफ१०, डिस्कपार्ट, एसएसडी सिलेक्ट आणि युनिकआयडी डिस्क आयडी इज इक्वल टू करून तीच आठ अक्षरं. रीस्टार्ट. विंडोज उघडलं, सी तो सी, डी तो डी, कोरल उघडलं, पत्रिकेतला गणपती जागेवर, डोंगलही चालला. काका काही बोलले नाहीत, नुसते एकेक जुनी फाइल उघडत बसले.

तरी मधे मधे दोन-चार सेकंद अडकायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) डिस्कच्या १५३ नंबरच्या वॉर्निंग आणि एसएसडीच्या स्मार्टमध्ये सी७ म्हणजे सीआरसी एरर काउंट (डेटाची ने-आण करताना झालेल्या चुका) वाढत होता. हा आकडा बहुतेक वेळा केबलचा असतो, डिस्कचा नाही. जुनी लाल साटा केबल काढून क्लिपवाली नवीन लावली. सी७ मागे जात नाही, पण वाढायचा थांबला आणि अडकणंही थांबलं.

शेवटचं काम बायोसमधलं, साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा होता. एसएसडी तशीही चालते, पण एनसीक्यू (एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत घेणं) हवं तर एएचसीआय हा नवा मोड लागतो. सरळ बदललं की इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइसची निळी स्क्रीन येऊ शकते, कारण विंडोजने सुरुवातीला तो ड्रायव्हर उचलायचाच नाही असं ठरवलेलं असतं. म्हणून आधी बीसीडीएडिटने सेफबूट मिनिमल लावलं, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय केलं, सेफ मोडमध्ये आलं, मग सेफबूटची व्हॅल्यू काढली, परत नॉर्मल. एफएसयूटिल कमांडने ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणं) बघितलं, डिसेबलडिलीटनोटिफाय शून्य, म्हणजे ट्रिम चालू.

आता एक गोष्ट उरते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून डिझमचं काम झाल्यावर त्या पीसीची नेटची वायर काढली, गिऱ्हाइकांचे फोटो दुसऱ्या लॅपटॉपवर घेऊन, स्कॅन करून पेनड्राइव्हने आणायचे असं दादांशी ठरवलं, आणि चालू झालेल्या एसएसडीची क्लोनझिलाने एक इमेज काढून काकांच्या घरी एक्स्टर्नल डिस्कवर ठेवली.