यूएनचं कार्ड घेऊन लस मिळवताना : माझा अनुभव

2021 च्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या चिन समाजाच्या निर्वासितांना कोरोनाची लस मिळवून देण्याच्या खटपटीत मी होते. म्यानमारमधून आलेले हे लोक विकासपुरी, जनकपुरी, उत्तम नगर भागात वर्षानुवर्षं राहतात. त्या सगळ्याला आता बराच काळ लोटला, तरी नोंदणीचं ते टेबल आठवलं की अजून डोकं तापतं. पुढे कधी अशी साथ आली आणि अशा कुटुंबांसोबत कुणाला उभं राहावं लागलं, तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय.

मास्क, साबण, रेशन यात फारसं काही अडलं नाही. खरी गाडी अडली ती ओळखपत्रापाशी.

1 मे 2021 पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर मात्र ओळखपत्रांचे सातच प्रकार होते : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, पेन्शनचं पासबुक आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं (एनपीआर) स्मार्ट कार्ड. जीव मुठीत घेऊन सीमा ओलांडलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? त्याच्याकडे असतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, म्हणजे यूएनएचसीआरचं कार्ड. ज्याचा अर्ज अजून तपासला जातोय, त्याच्याकडे तेवढंही नसतं. अर्ज विचाराधीन असल्याचा फक्त एक कागद असतो. 1951 च्या निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे हे कार्ड कुठे चालेल आणि कुठे नाही, हे बऱ्याचदा समोर बसलेल्या माणसावर ठरतं.

आमच्यासोबत साठीच्या पुढच्या एक मावशी होत्या. त्यांना शुगर होती, म्हणून त्यांचा नंबर आधी लावायचं ठरलं होतं. त्यांनी पदराआडच्या पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख सगळं स्पष्ट होतं. ऑपरेटरने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "मॅडम, यात हे कार्ड कुठे आहे ते तुम्हीच दाखवा. नाव टाकू तरी कशात?" मागे रांग ओरडत होती. मावशींना हिंदी जेमतेम कळत होतं, पण नकार कळला. त्यांनी कार्ड उचललं आणि निमूटपणे बाजूला झाल्या.

केंद्रावरून मोठ्या हॉस्पिटलला जा म्हणाले. हॉस्पिटलमध्ये सांगितलं की हा विषय जिल्ह्याचा आहे. जिल्हा कार्यालयात ईमेल करा म्हणाले. ईमेलला उत्तर आलं नाही. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. चीड याची येते की अडचणीवरचा उपाय तेव्हा कागदावर तयार होता. ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची याची कार्यपद्धती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच मे महिन्यात काढली होती. जिल्हा टास्क फोर्सने, म्हणजे लसीकरणासाठीच्या जिल्हा समितीने, अशा लोकांचे गट शोधायचे, प्रत्येक गटासाठी एक मुख्य समन्वयक नेमायचा. त्याच्याकडे चालू मोबाईल आणि सातपैकी एक ओळखपत्र असलं की पुरे. लाभार्थ्याचं नाव, जन्मवर्ष आणि लिंग एवढ्यावर नोंद होणार. आम्ही गेलो त्या टेबलांपर्यंत हे पोचलंच नव्हतं.

शेवटी या कार्यपद्धतीच्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन आम्ही थेट जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसलो. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "यात साधू आहेत, भटके आहेत, कैदी आहेत, भिकारी आहेत. निर्वासित कुठे आहेत?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याच वाक्याच्या शेवटी, ओळखपत्र नसलेल्या इतर पात्र व्यक्तींचाही समावेश होता. आम्ही पेनाने अधोरेखित करून आणलेलं ते वाक्य त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग म्हणाले, "यादी द्या." मला अजूनही वाटतं की त्या पेनाच्या रेघेने महिन्याभराच्या विनवण्यांपेक्षा जास्त काम केलं.

म्हणून माझा पहिला सल्ला : टेबलावरच्या ऑपरेटरशी भांडू नका. त्याच्या स्क्रीनवर जे नाही ते त्याला देता येत नाही. एकेका माणसाला केंद्रावर नेण्यापेक्षा गटाची यादी करा आणि जिल्ह्याकडून विशेष सत्र मागा. यादीत नाव कार्डावर आहे तसंच लिहा. बहुतेक चिन लोकांना आडनाव नसतं. तो रकाना भरायला म्हणून मनाने काही जोडलंत, तर प्रमाणपत्र आणि कार्ड जुळत नाही.

सत्र ठरलं तेव्हा समाजातल्या चर्चच्या पाळकांनी सगळ्यांना त्यांच्या भाषेत व्हॉइस मेसेज पाठवले. त्यात वेळ सांगितली, शिवाय लस घेतली म्हणून कुणी पोलिसांत नाव देणार नाही, हेही सांगितलं. ही भीती खरी असते, तिला हसू नका. अनेकजण ताप लपवत होते ते याच भीतीने.

तापावरून आठवलं. घरी विलगीकरणाच्या सूचनेत पेशंटला स्वतंत्र हवेशीर खोली द्या असं होतं. इथे एका खोलीत सहा-सात जण! आम्ही एवढंच करू शकलो : पेशंटचं अंथरूण खिडकीपाशी, खिडकी दिवसरात्र उघडी, घरात सगळ्यांना मास्क, आणि सामायिक संडास पेशंटने शेवटी वापरायचा. ऑक्सिमीटर घरोघरी फिरवायचा असेल तर प्रत्येक वेळी पुसून द्या. बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आधी पाच मिनिटं शांत बसायला हवं. ऑक्सिजनचा आकडा 94 टक्क्यांच्या खाली राहिला तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा. हे आकडे वहीत वेळेसह लिहून ठेवलेले असले की हॉस्पिटलच्या दारात बोलणं सोपं जातं.

त्या सत्रात मावशींना पहिला डोस मिळाला. इंजेक्शन झाल्यावर त्या खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हत्या. प्रमाणपत्राचा कागद हातात आल्यावरच उठल्या. त्यांचं बरोबर होतं. या पद्धतीत प्रमाणपत्र जागेवरच काढून द्यायचं होतं. असा कागद घेतल्याशिवाय हलू नका. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा किमान 84 दिवसांचं अंतर होतं. तेवढ्या काळात माणसं घर बदलतात, सिमकार्ड बदलतात. लाभार्थी क्रमांक त्या कागदावर असायचा, म्हणून अशा कागदाचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स समन्वयकाकडे द्या.

ऑगस्टमध्ये भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्टवर कोविनमध्ये नोंदणीची मुभा मिळाली. कुणी ती वाट दाखवली तर आधी पासपोर्ट आहे का ते बघा. आमच्या यादीतल्या बहुतेकांकडे तो नव्हता, आणि दुसरा डोसही त्यांना जिल्ह्याच्या विशेष सत्रातच मिळाला.