तिकडं सगळ्यात अवघड काय जातं?

"सिस्टर, पोरगी इंग्लंडला निघालीय नर्स म्हणून. तिकडं सगळ्यात अवघड काय जातं? इंग्रजी का?" मी इंग्लंडात नर्सची नोकरी करून मिरजेला परत आल्यापासून हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, मंडईत मेथी निवडताना विचारतात. १८९४ साली डॉक्टर वॉनलेसांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमचं गाव दवाखान्यांचंच. गल्लीत एखादी तरी सिस्टर निघतेच, आणि आता तिच्या पोरी परदेशी निघाल्यात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजी नाही. त्याची चाळणी इथंच लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला वाचणं, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात, नाहीतर ओईटी ही दुसरी परीक्षा द्यायची. एवढं करून गेलेली पोरगी भाषेवरून अडत नाही. ती अडते आपल्या 'हो'वर.

पिन नंबर, म्हणजे तिकडचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, मिळाल्यानंतरचा माझा पहिलाच आठवडा. तिकडं वॉर्डात पेशंटच्या चार्टवर न्यूज नावाचा हिशेब असतो. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप या सगळ्यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरला तातडीनं कळवायचं, त्याला ब्लीप करणं म्हणतात. चार नंबरच्या आजोबांची बेरीज ५ आली. इनचार्ज सिस्टरनं लांबूनच विचारलं, डॉक्टरला ब्लीप केलंस ना? मी मान हलवून म्हटलं, हो.

आता आपल्याकडं 'हो' म्हणजे काय? ऐकलं, करते. इनचार्ज सिस्टरनं मात्र धरलं, ब्लीप करून झालं.

आणि मला ब्लीप करायचं कसं तेच माहीत नव्हतं. आपल्याकडं आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, मोबाइल लावतो, नाहीतर कॉरिडॉरमधून हाक मारतो. तिथं वॉर्डच्या फोनवरून आधी एक कोड, मग त्या डॉक्टरचा ब्लीप नंबर, मग आपल्या फोनचा नंबर फिरवायचा आणि ठेवून द्यायचं. डॉक्टरच्या कमरेचा डबा वाजतो, तो जवळच्या फोनवरून उलट फोन करतो. एखाद्या पेशंटलाच विचारावं इतकी माझी अवस्था. शेवटी एकीचं बघून तसंच केलं आणि आजोबांकडं निघून गेले. इकडं फोन वाजून वाजून बंद. ठेवल्यावर तिथंच उभं राहायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. वीस मिनिटं गेली. आजोबांना काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नाही.

विचारायचं की मग, असं तुम्ही म्हणाल. मिरजेत माझी अकरा वर्षं आयसीयूत गेली होती हो. अकरा वर्षांच्या सिस्टरनं फोन कसा लावायचा हे विचारायचं? शिकताना आम्हाला दुसऱ्यांदा विचारलं की "लक्ष कुठंय?" ऐकायला मिळायचं. ते अंगात मुरलंय.

त्यात तिथं जाऊन माणूस एकदम खाली येतं. पिन येईपर्यंत सहायकाच्या गणवेशात काम. ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, १० स्टेशनांची. त्यात बाहुल्यासमोर उभं राहून आपण काय करतोय ते मोठ्यानं बोलत राहायचं. पास झाल्यावरसुद्धा सलाईनची सुई टोचायला बंदी, त्या हॉस्पिटलनं आपलं काम बघून सही करेपर्यंत. माझ्याबरोबरची एक केरळची होती, अंधारात शीर शोधणारी. ती चादरींच्या खोलीत जाऊन रडायची. आणि पेशंटला अंघोळ, जेवण भरवणं, बेडपॅन हे सगळं नर्सचंच काम. आपल्याकडं नातेवाईक असतात, मावशी असतात. तिथं सहायक असतात, पण "हे माझं काम नाही" असं कुणी म्हणत नाही. हे मात्र मला आवडलं.

पुढं दोन वर्षं नवीन येणाऱ्यांना रुळवायचं काम माझ्याकडं आलं. विमानतळावरून आणणं, घर, बँकेचं खातं, सिमकार्ड हे सगळं हॉस्पिटल नीट करायचं. त्यासाठी एनएचएसनं, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेनं, २०२२ साली चांगल्या व्यवस्थेला पुरस्कारही सुरू केला. पण बँकेचं खातं उघडून वॉर्डातली भीती जात नाही. मी एकच केलं. "समजलं का?" विचारणं सोडलं. त्याचं उत्तर 'हो'च येतं, मग ती केरळची असो, फिलिपिन्सची नाहीतर तासगावची. त्याऐवजी म्हणायचे, आता तू मला करून दाखव. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं मला खोटा ब्लीप करायचा आणि मी उलट फोन करेपर्यंत तिथंच उभं राहायचं. मी मुद्दाम उशीर करायचे. एकदोघी निघून जायच्याच.

पैशाचं विचारता तर थोडक्यात: नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून फी घ्यायला तिकडच्या एजन्सीला कायद्यानं बंदी आहे. इथला कुणी लाखाची गोष्ट करत असेल तर कशाचे ते लेखी मागा. आणि करारात नोकरी लवकर सोडली तर किती परत भरायचे ते कलम सहीच्या आधी वाचा, विमानात नव्हे.

परवा कवठेमहांकाळहून एका वडिलांचा फोन आला होता. त्यांना हे सगळं सांगितलं, अर्धा तास. शेवटी सवयीनं माझ्याच तोंडून निघालं, "समजलं का, काका?"

"हो हो, समजलं की."

"मग सांगा बघू, एजंटाला काय काय विचारणार?"

पलीकडं शांतता. मग आवाज आला, "थांबा हं सिस्टर, वही घेतो."