चारशे ल्युमेनचा उजेड

गेल्या जूनमधल्या पहिल्या शनिवारी घोटीहून बारीमार्गे शेंडीला पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले आणि पुढे भंडारदरा जलाशयाच्या काठाने जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मोटारींच्या रांगेत मी दीड तास अडकून पडलो. सगळे काजवे पाहायला निघाले होते. त्यांतल्या काहींना वाट मीच दाखवलेली असणार, म्हणून हॉर्न वाजवणाऱ्यांवर चिडण्याचाही मला धड अधिकार नव्हता.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वी एका ट्रेकिंग मासिकासाठी मी बूट, सॅक, तंबू अशा साहित्याची परीक्षणे लिहीत असे. एकदा डोक्याला बांधायची चारशे ल्युमेनची बॅटरी आली. ती खऱ्या काळोखात पारखावी म्हणून मी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या एका वाडीत गेलो. वाडीमागच्या ऐनाच्या झाडावर हजारो काजवे एका लयीत उजळत आणि विझत होते. काजव्यांचे हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद असते आणि आपल्या दिव्यांच्या झोतात ती हरवते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी बटण दाबले. झाड विझल्यासारखे झाले. मी मात्र झोत कुठवर पोहोचतो ते वहीत टिपून घेतले. परीक्षणासोबत झाडाचे छायाचित्र छापून आले आणि त्याखाली माझ्याच शब्दांत पत्ता होता : हातपंपापासून डावीकडे, खळ्याच्या मागे.

कळसूबाईची वाट सविस्तर छापण्यात काही वावगे नाही. १६४६ मीटरच्या त्या शिखरावर लोखंडी शिड्या आहेत, बारमाही वर्दळ आहे आणि नेमकी माहिती असली तर नवखा माणूस वाट चुकत नाही. काजव्यांच्या झाडाचे तसे नसते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे जेमतेम काही आठवडे त्यांच्या हाती असतात आणि त्यांच्या अळ्या झाडाखालच्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात. नेमक्या त्याच जागी लोक गाड्या लावतात.

त्याच वाडीत जेवण करून देणाऱ्या मावशींच्या घरी पोहोचलो तेव्हा भिंतीवर माझ्या लेखाचे कात्रण प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेले दिसले. मी माफी मागायच्या तयारीने गेलो होतो. ते पाहून माझे शब्दच अडले.

"खोटं कशाला बोलू, दादा? भाकरीला गिऱ्हाईक मिळतं," पिठले वाढताना त्या म्हणाल्या. "पन गाड्या पार खळ्यात येत्यात. त्या झाडावर आता पहिल्यावानी काय ऱ्हायलं नाय."

जेवण झाल्यावर त्यांनी नातवाच्या दप्तरातला लाल जिलेटिन कागद काढला, त्याची चौपदरी घडी माझ्या बॅटरीवर रबराने बांधली आणि गुरांच्या वाटेने पुढे निघाल्या. पायापुरते दिसत होते, तेवढे पुरले. एका ओढ्यापाशी त्यांनी तोही दिवा बंद करायला लावला. डोळे सरावायला बराच वेळ गेला. मग समोरचा हिरडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकू लागला.

तो ओढा वाडीच्या कोणत्या अंगाला आहे, ते मावशींना विचारावे. त्यांना माणूस पाहून सांगता येते.