दुपारी ३३, पहाटे ३०

दिवाळी उलटली की जळगाव-धुळ्याच्या टायरवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते: "परवाच हवा भरली, आज परत कमी. पंक्चर बघा." चाक पाण्यात बुडवलं तर एक बुडबुडा येत नाही. हवा गेलेलीच नसते, थंडीने तिचा दाब उतरलेला असतो.

तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की दाब एक पॉइंटने, म्हणजे एक पीएसआयने, उतरतो. आपल्याकडची मेख अशी की एवढा फरक पडायला ऋतू बदलावा लागत नाही, एक दिवस पुरतो. डिसेंबरात पहाटे १० अंश आणि दुपारी ३० अंश हे खान्देशात नेहमीचंच. दुपारच्या हवेत ३३ भरलेला टायर पहाटे ३० दाखवणारच. त्यात गाडी महामार्गावरून चालून पंपावर आलेली असेल, तर टायर आतून तापून आणखी ३-४ पॉइंट वर गेलेला असतो. म्हणजे मशीनवर ३३ झाले म्हणून आपण समाधानाने निघतो, आणि सकाळी थंड टायरात असतात जेमतेम २६-२७.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. टायरच्या बाजूवर ४४ किंवा ५१ असं कोरलेलं दिसतं ती कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते.

म्हणून घरी स्वतःचा गेज ठेवाच. पहाटे, ऊन टायरवर यायच्या आत, चारही चाकं मोजा आणि प्रत्येकात किती कमी आहे तेवढंच लिहून ठेवा. समजा स्टिकर ३३ चा आहे आणि गेज २९ दाखवतो, तूट ४. पंपावर पोचेपर्यंत तोच टायर ३२ दाखवेल. तिथे ४ वाढवून ३६ करायचे. मशीन स्वयंचलित असेल तर ३६ लावायला सांगा. "साहेब, जास्त होईल" असं ऐकावं लागेल, ऐकून घ्यायचं. दुपारी आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही. गरम टायर किती चढणार हे धरूनच तो स्टिकर छापलेला असतो.

नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोघांचाही दाब सारखाच उतरतो. फुकट मिळत असेल तर भरा.

डॅशबोर्डवरच्या टायरच्या पिवळ्या दिव्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो दाब सुमारे २५ टक्के उतरल्यावर लागतो, म्हणजे ३३ च्या टायरला २५ च्या आसपास. सकाळी लागला आणि पाच-सात किलोमीटरनंतर विझला, तर टायर फक्त तापलाय, हवा कमीच आहे. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएसवरून, म्हणजे चाकांचा वेग मोजणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेवरून, कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय एवढंच ताडलं जातं. थंडीत चारही चाकं सारखीच उतरली तर ही पद्धत गप्प बसू शकते. अशा गाडीत हवा नीट भरल्यावरच रीसेटचं बटण दाबा, नाहीतर ती कमी दाबालाच बरोबर समजते.

चारपैकी एकच चाक इतरांपेक्षा २-३ पॉइंट खाली असेल तर मात्र थंडीला दोष देऊ नका. शेतरस्त्यावर बाभळीचा काटा ही पहिली शंका. ट्यूबलेसमध्ये तो रुतून बसतो आणि हवा इतकी हळू जाते की आठवडाभर कळत नाही. घरी उपटू नका, टायरवाल्याकडेच काढा. दुसरी शंका व्हॉल्व्हची: आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचं रबर कडक होऊन तडकतं. साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि तोंडाशी लावून बघा. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवाच घ्या; तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा लग्नाला पाच माणसं आणि सामान भरून निघायचं असेल, तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो पाळा. कमी हवेत भार वाढला की टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते, आणि फुटतो तो टायर तिथूनच. बाहेरच्या-आतल्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर गाडी बराच काळ कमी हवेवर धावली आहे. मधला पट्टा झिजलाय तर उलट.

स्टेपनी पण मोजा. पूर्ण आकाराची असेल तर दोन-तीन पॉइंट जास्तच ठेवा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पॉइंट लागतात, तिच्यावरच लिहिलेलं असतं.