जुनं मशीन

आज जुनं शिलाई मशीन घरातून गेलं. याच मशीनवर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून मी पिशव्या शिवायला सुरुवात केली होती. पहिले कित्येक महिने हिशेब चुकतच होता. कापड, दोरा, चेन सगळं धरायचे, स्वतःची मजुरी मात्र धरायचेच नाही! ऑर्डरी भरपूर, हातात काही नाही. घरखर्चाची आणि धंद्याची वही वेगळी केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मशीन विकणारच होते, खोटं कशाला बोलू? पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने काल बॉबिन इतक्या सफाईने भरली की म्हटलं, घेऊन जा. पैसे नकोत, फक्त स्वतःची मजुरी धरायला विसरू नकोस.

ती हसली. "ताई, तेल कधी घालायचं?" एवढंच विचारलं.